जगातील दारिद्र्य कमी करण्यात उद्योग-व्यापाराचा वाटा कोणता? खान्देशातून पडलेला प्रश्न

प्रश्न : शहादेकर

नमस्कार मंडळी. मी शहादा तालुक्यात वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. आमच्या अभ्यासमंडळाने यंदा जागतिक दारिद्र्य हा विषय घेतला आहे. त्यातून निघालेला एक प्रश्न येथे मांडतो, कारण येथे शेतकरी, व्यापारी, नोकरदार आणि पोटासाठी बाहेर गेलेले खान्देशी असे सर्वच जण वाचतात.

१९९० च्या सुमारास जगातील दर तीन माणसांमागे एकाहून अधिक माणूस जागतिक बँकेने ठरवलेल्या अतिदारिद्र्याच्या रेषेखाली जगत होता. २०१९ पर्यंत हे प्रमाण दहात एकाच्याही खाली आले. जून २०२५ मध्ये बँकेने ही रेषा वर नेऊन खरेदीशक्तीच्या हिशेबाने दिवसाला ३ डॉलर अशी ठरवली. या नव्या मापाने आजही सुमारे ८० कोटी माणसे रेषेखाली आहेत, आणि त्यांतील फार मोठा भाग सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आहे.

माझ्या विद्यार्थ्यांत यावरून दोन तट पडले. एका गटाचे म्हणणे असे की, ही घट कारखाने, निर्यात आणि व्यापार यांमुळे झाली, अनुदानांमुळे नव्हे. चीन, व्हिएतनाम आणि बांगलादेश हे त्याचे पुरावे आहेत. दुसऱ्या गटातील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग आपल्या जिल्ह्यात धंदा कमी आहे का?" तिचा प्रश्न मला खोडून काढता आला नाही. नंदुरबारची मिरची देशभर जाते, हंगामात शहराबाहेरच्या पथाऱ्या लाल झालेल्या दिसतात. शहादा परिसरात केळी, पपई, ऊस आणि कापूस आहे, साखर कारखाना आहे. तरीही नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकात नंदुरबार हा महाराष्ट्रातील सर्वांत गरीब जिल्हा ठरला, आणि २०१८ पासून तो आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे.

तेव्हा मला विचारायचे आहे ते असे : धंदा कोणत्या अटींवर गरिबी कमी करतो, आणि कोणत्या परिस्थितीत तो गरिबाच्या अंगणातून नुसता निघून जातो? आपापल्या अनुभवाला धरून उत्तरे मिळाली तर विद्यार्थ्यांपुढे ठेवीन.

उत्तर : सरकी आणि रुई (धरणगाव)

सर, नमस्कार. आमच्या कुटुंबाची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारी गिरणी आहे; तेव्हा मी कोणत्या बाजूने बोलतो आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे.

धंदा गरिबी कमी करतो, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र उलाढाल वाढली म्हणून ती आपोआप कमी होत नाही. धंदा करणारे एकाहून अधिक असले आणि त्या सर्वांना एकाच माणसाच्या श्रमाची किंवा मालाची गरज पडली, की त्या माणसाला भाव येतो. ज्याच्या दारात एकच गिऱ्हाईक उभे राहते, त्याच्या गावावरून कोट्यवधींचा माल गेला तरी तो होता तेथेच राहतो. आपल्या विद्यार्थ्यांच्या दोन्ही गटांचे म्हणणे खरे असण्याचे कारण मला यातच दिसते.

चीनचे उदाहरण नेहमी मोठ्या कारखान्यांपासून सांगितले जाते, पण तेथील सुरुवात शेतीतून झाली. १९७८ नंतर सामुदायिक शेतीऐवजी जमीन कसण्याचा आणि ठरावीक वाटा दिल्यावर उरलेला माल विकण्याचा अधिकार कुटुंबाकडे आला. त्यापाठोपाठ गावोगावी आणि तालुक्याच्या ठिकाणी लहान कारखाने निघाले, आणि १९९६ पर्यंत त्यांत सुमारे साडेतेरा कोटी माणसे काम करू लागली. किनाऱ्यावरच्या निर्यातीच्या कारखान्यांत खेड्यांतून माणसांचा ओघ सुरू होता तोवर मजुरी फारशी हलली नाही. २००० नंतरच्या दशकात रिकामे हात कमी पडू लागले आणि कारखान्यांना एकमेकांचे कामगार ओढावे लागले, तेव्हा मजुरी झपाट्याने वाढली. चाळीस वर्षांत तेथील सुमारे ८० कोटी लोक अतिदारिद्र्यातून बाहेर आले, असे जागतिक बँक सांगते.

आपल्याकडे हेच सालदाराच्या बाबतीत घडले. पूर्वी पाडवा-आखाजीच्या दिवसांत सालदार ठरायचा आणि मालक देईल त्या धान्यावर, कपड्यांवर आणि थोड्या रकमेवर वर्षभर राबायचा. आज रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात सालदार शोधूनही मिळत नाही, आणि मिळाला तर तो आपला आकडा स्वतः सांगतो. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतले चटयांचे कारखाने, डाळ मिल, पाइपचे कारखाने, शहरांतील बांधकामे आणि सुरत, एवढे पर्याय त्याच्यापुढे उभे राहिले म्हणून हे झाले. त्यात सरकारी कामाचाही वाटा आहे, तो नाकारू नये. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, आणि ज्या वर्षी ती कामे खरोखर निघाली त्या वर्षी मजुराला नको असलेल्या दराला नाही म्हणता आले.

आता आमच्या कापसाकडे येतो. दिवाळीच्या तोंडावर पहिल्या वेचणीचा कापूस घरात येतो, तेव्हा शेतकऱ्याला वेचणीची मजुरी, किराणा दुकानाची उधारी आणि खतांचे पैसे एकाच आठवड्यात भागवायचे असतात. खेडा खरेदीवाला गाडी आणि काटा घेऊन दारात येतो. तो मुठीत कापूस दाबून ओलावा सांगतो, त्या नावाने कटती धरतो, बाजारापेक्षा कमी भाव लावतो आणि रोख पैसे मोजतो. कुठे कुठे मापात पापही होते. व्यापारी म्हणून हे लिहिताना मला वाईट वाटते, पण ते खरे आहे. त्याच दिवशी गावात दुसऱ्या व्यापाऱ्याची गाडी आली, तर तोच कापूस, तोच ओलावा आणि तोच काटा असताना भाव वर सरकतो.

एकच खरेदीदार असण्याचा दोष खासगी व्यापाराचाच असतो असेही नाही. १९७२ च्या हंगामापासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी योजना होती. हेतू चांगला होता, आणि सुरुवातीला हमीचा भाव मिळाल्याने शेतकरी सावकाराच्या तावडीतून सुटलेही. परंतु पुढे चुकाऱ्यांना महिनोन् महिने लागू लागले, योजनेचा तोटा वाढत गेला, आणि आपल्या भागातला कापूस रातोरात गुजरात आणि मध्य प्रदेशाच्या हद्दीत जाऊ लागला. २००२ च्या सुमारास खासगी खरेदीला वाट मोकळी झाली. खान्देशच्या शेतकऱ्याने सीमेपलीकडे शोधले ते दुसरे गिऱ्हाईकच होते.

उत्तर : लिंबायतकर (सुरत)

धरणगावच्या भाऊंचे म्हणणे मला अर्धे पटते. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत राहणाऱ्या खान्देशी माणसांची संख्या पाहिली, तर धुळे-नंदुरबारची गरिबी कमी करणारा मोठा उद्योग तापी व्हॅली रेल्वेच्या दुसऱ्या टोकाला आहे, हे कबूल करावे लागते. गावाकडची पक्की घरे, बहिणींची लग्ने आणि भावांची शिक्षणे या पैशावर झाली आहेत.

परंतु येथे लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, मालकांची संख्या मोजता येणार नाही इतकी आहे, म्हणजे गिऱ्हाइके भरपूर आहेत. तरी मीटरमागे मिळणारी मजुरी सगळीकडे जवळपास तीच, बारा तासांची पाळी सगळीकडे तीच, आणि हजेरीपत्रकावर नाव नसणेही सगळीकडे तेच. कामगार एका कारखान्यातून उठून शेजारच्या कारखान्यात जाऊ शकतो, पण तेथे त्याला वेगळे काही मिळत नाही. त्यामुळे खरेदीदारांची स्पर्धा असली तरी तिला खालून कायद्याचा आधार नसेल, तर ती मजुराच्या आरोग्यावर आणि जिवावर चालते.

बांगलादेशातील तयार कपड्यांच्या धंद्यात सुमारे ४० लाख माणसे आहेत, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, आणि त्या देशाच्या निर्यातीतला चार-पंचमांशाहून अधिक भाग या धंद्यातून येतो. त्या स्त्रियांच्या हाती प्रथमच स्वतःचा पगार आला, याचे मोल मी कमी लेखत नाही. पण २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा कोसळून ११०० हून अधिक कामगार गेले. आदल्या दिवशी इमारतीला तडे गेलेले दिसले होते, तरी त्यांना आत पाठवले गेले. त्या इमारतीभोवती कारखान्यांची काही कमतरता नव्हती. किमान वेतन ३००० टाक्यांवरून ५३०० टाक्यांवर गेले आणि इमारतींच्या तपासणीचा बंधनकारक करार झाला, तो कामगार संघटना आणि जगभरातील लोकांच्या दबावामुळे. नुसत्या बाजाराने ते केले नसते.

उत्तर : सातपुडा बचत गट (धडगाव)

शहादेकर सर, आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न आमच्याकडे रोज समोर येतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. मी अक्राणी (धडगाव) तालुक्यातील महिला बचत गटांबरोबर काम करते.

उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर आमचूर होते. कैऱ्या उतरवायच्या, साल काढायची, विळ्यावर पातळ फोडी चिरायच्या आणि स्वच्छ खडकावर नाही तर अंगणात कडक उन्हात पसरायच्या. हे काम बहुतेक बायका आणि मुली करतात, आणि कैरीच्या रसाने हाताची कातडी सोलवटून निघते. फोड पांढरी राहिली तर माल चांगला. वळवाचा पाऊस पडला किंवा धूळ बसली तर ती काळपट होते आणि भाव उतरतो. पाट्याच्या पाट्या कैऱ्या चिरल्यावर हाती येणारा वाळलेला माल अगदी थोडा असतो. हा माल सातपुड्यातून उतरून मसाल्याच्या मोठ्या बाजारांत जातो. आपण म्हणता तसा धंदा येथे पिढ्यान् पिढ्या चालू आहे.

मग गरिबी का हटत नाही? आठवडे बाजारात आमचूर घेणारे व्यापारी दोन-चार तरी असतात, म्हणजे धरणगावच्या दादांची अट वरवर पुरी होते. परंतु ज्या बाईने पावसाळ्यात मीठ, तेल, बियाणे किंवा दवाखान्यासाठी पैसे एका व्यापाऱ्याकडून उचललेले असतात, तिचा आमचूर झाडावर कैरी असतानाच विकला गेलेला असतो. तिला दुसऱ्या काट्याकडे वळताच येत नाही. ऊसतोडीचेही तसेच. आमच्याकडची आणि साक्री-नवापूरकडची कुटुंबे दक्षिण गुजरातच्या साखर पट्ट्यात जातात. मुकादम पावसाळ्याच्या ऐन अडचणीत उचल देतो, आणि नवरा-बायकोचा एक कोयता सहा महिन्यांसाठी बांधला जातो. हंगामाच्या शेवटी हिशेब झाला की पुष्कळदा उचल फिटलेली नसते, आणि पुढच्या वर्षीचे श्रमही त्याच खात्यावर चढतात. त्यांच्या मुलांची शाळा दिवाळीनंतर सुटते, ती उन्हाळ्यापर्यंत. उचल आहे तोवर बाजारात दहा गिऱ्हाइके असली तरी या माणसांसाठी ती नसल्यासारखीच आहेत.

आमच्या अडचणीसारखीच अडचण जगात इतरत्रही आहे. जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो, तरीही चॉकलेटच्या किमतीतला फार थोडा भाग तेथील शेतकऱ्यापर्यंत पोहोचतो. दळणे, लोणी काढणे, साचे पाडणे, वेष्टन आणि नाव हे सगळे बहुतेक बाहेर होते. या दोन सरकारांनी मिळून २०१९ मध्ये टनामागे ४०० डॉलर जादा आकारायचे ठरवले, पण दळणाऱ्या मोठ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या असल्याने त्यांच्याशी घासाघीस करणे दोन देशांनाही जड जाते.

छोट्या कर्जांनी हे सुटेल असे मला पूर्वी आमच्या प्रशिक्षणांत सांगितले जाई. मुहम्मद युनूस आणि त्यांच्या ग्रामीण बँकेला २००६ मध्ये नोबेल शांतता पुरस्कार मिळाला, तेव्हा ती आशा शिगेला पोहोचली होती. २०१५ मध्ये सहा देशांतील काटेकोर पाहण्यांचे निष्कर्ष एकत्र प्रसिद्ध झाले. कर्जामुळे लोकांना पर्याय वाढले, पण सरासरी उत्पन्नात मोठी वाढ दिसली नाही. आमचा अनुभव याहून वेगळा नाही. दर आठवड्याचा हप्ता मागणारी कंपनी आली, म्हणजे व्यापाऱ्याच्या उचलीवर आणखी एक उचल चढली, असे अनेक घरांत झाले. याउलट केनियात २००७ साली मोबाइलवरून पैसे पाठवण्याची एम-पेसा ही सेवा एका दूरसंचार कंपनीने सुरू केली, आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिच्यामुळे तेथील सुमारे १ लाख ९४ हजार कुटुंबे दारिद्र्यातून वर आली. गरिबाला कर्ज दिले नाही, फक्त आपल्याच माणसाचा पैसा अडचणीच्या वेळी सुरक्षित पोहोचू दिला. अडचणीच्या दिवसांत सावकाराकडे जावे लागले नाही, हा त्यातला लाभ मला फार मोठा वाटतो.

शहादेकर

सर्वांचे मनापासून आभार. ताईंनी उचलीचा जो मुद्दा मांडला तो आमच्या चर्चेत कोणाच्याही ध्यानात आला नव्हता. दोन गोष्टी आणखी विचारतो. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून या भागात काही घडू शकेल का? आणि नफ्याचा वाटा गरिबाच्या हाती यावा यासाठी त्याची मालकी असणे आवश्यक आहे का? अमळनेरकरांकडे यावर सांगण्यासारखे पुष्कळ असेल.

उत्तर : बोरीकाठ (अमळनेर)

सर, पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करणे बंधनकारक केले. ही रक्कम चांगल्या शाळेला किंवा दवाखान्याला मिळावी, याबद्दल दुमत नाही. परंतु कारखाना जेथे असतो त्याच्या आसपास निधी जास्त फिरतो, आणि धडगावला कारखाना नाही. शिवाय एखादी मसाल्याची कंपनी आमचूर कोणाकडून, कोणत्या भावाने घेते, याचा त्या पाड्यावर होणारा परिणाम तिच्या २ टक्क्यांच्या निधीपेक्षा कितीतरी मोठा असतो.

मालकीविषयी मात्र आमच्या गावाला खरोखर सांगण्यासारखे आहे. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांची वनस्पती तुपाची कंपनी अमळनेरशी जोडून स्थापन झाली; तीच पुढे विप्रो झाली. त्या काळात गावातील अनेकांनी तिचे समभाग घेतले, आणि ज्यांनी ते पिढ्यान् पिढ्या विकले नाहीत, त्यांच्या घरी आज मोठी संपत्ती आहे. ही गोष्ट देशभर कौतुकाने सांगितली जाते, आणि मलाही तिचा अभिमान आहे. तथापि समभाग त्यांनीच घेतले ज्यांच्याकडे त्या वर्षी शिल्लक होती. त्याच गिरणीत घाण्याला उभ्या राहणाऱ्या हमालाला पगार मिळाला, मुलांना शिकवता आले, आणि तेही कमी नाही. पण वाढलेल्या मूल्यात त्याचा वाटा असण्याची सोय कोणी केली नव्हती.

ती सोय गुजरातमधील खेडा जिल्ह्यात झाली. तेथील दुधाची खरेदी मुंबईसाठी पोल्सन या एकाच कंपनीकडे होती. शेतकऱ्यांनी सरदार पटेलांच्या सल्ल्याने तिला दूध देणे थांबवले, आणि डिसेंबर १९४६ मध्ये आपला संघ नोंदवला, जो पुढे अमूल या नावाने ओळखला गेला. आपल्या चर्चेतील दोन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या : एकमेव गिऱ्हाइकाला पर्याय उभा राहिला, आणि भुकटी-लोण्याचा कारखाना उत्पादकांच्या मालकीचा झाला. दुधाला आणखी एक फायदा असा की ते रोज निघते आणि पैसा दर काही दिवसांनी हाती येतो, त्यामुळे उचलीची गरजच कमी होते. कापूस आणि आमचूर वर्षातून एकदा येतात, म्हणून तेथे ही घडी बसवणे अधिक अवघड आहे. आपल्याकडे शेतकरी उत्पादक कंपन्या पुष्कळ नोंदल्या गेल्या; ज्यांच्याकडे हंगामात खरेदीसाठी खेळते भांडवल आहे त्या टिकल्या, बाकीच्यांचे नुसते फलक उरले.

उत्तर : सातपुडा बचत गट (धडगाव)

अमळनेरच्या काकांनी भांडवलाचा मुद्दा बरोबर हेरला. आमच्या काही गटांनी आमचूर एकत्र विकायचा प्रयत्न केला, तेव्हा माल साठवायला कोरडी जागा मिळाली आणि प्रतवारीही बायकांनी शिकून घेतली. अडले ते एवढ्यावरच की, माल गटाकडे आणणाऱ्या बाईला त्याच दिवशी निम्मे तरी पैसे हवे असतात, कारण तिच्या नावावरची उचल व्यापारी त्याच बाजारात मागतो. म्हणून आम्ही आता क्रम उलटा केला आहे : आधी पावसाळ्यात गटाच्या बचतीतून धान्यासाठी आणि दवाखान्यासाठी पैसे द्यायचे, म्हणजे ती बाई उन्हाळ्यात मोकळी असते, आणि मग तिच्या मालाची विक्री. वनहक्क कायदा आणि पेसा (आदिवासी भागांतील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) यांमुळे मोहफुले, चारोळी यांसारख्या गौण वनोपजांवर ग्रामसभेचा हक्क आहेच. तेथेही हाच क्रम लावता येईल असे वाटते.

सर, आपले विद्यार्थी मे महिन्यात येणार असतील तर मोलगी किंवा धडगावच्या आठवडे बाजाराच्या दिवशी यावे. काट्याजवळ उभे राहून भाव विचारला तर तो कोणीही सांगेल. त्याऐवजी माल घेऊन आलेल्या बाईला तिने हा माल याच व्यापाऱ्याला का आणला, आणि गेल्या श्रावणात तिच्या घरी पैसे कोठून आले होते, हे विचारायला सांगा. भिली किंवा पावरी समजणारी एखादी विद्यार्थिनी बरोबर असावी. मराठीत विचारले तर त्या नुसते "बरं आहे" म्हणून पुढे जातात.